फेच केलं, पण काहीच आलं नाही: शहाद्याच्या जिनिंगवरचं एक प्रकरण

कापसाच्या हंगामात जिनिंगच्या काट्यावरचा संगणक शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टाचा हिशेब करत असतो. गाडी काट्यावर चढते, वजन होतं, ओलावा मोजला जातो, पट्टी छापून हातात येते आणि शेतकरी गावाकडे निघतो. पट्टीवरचा आकडा तो सहसा मान्यच करतो, कारण मागे रांग लागलेली असते. म्हणून त्या आकड्यामागे सॉफ्टवेअरची नेमकी कोणती आवृत्ती चालू आहे, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो.

हे प्रकरण शहाद्याकडच्या एका जिनिंगवरचं आहे. सॉफ्टवेअर बनवणारी टीम छोटी. मुख्य काम जळगावात, एक जण धुळ्यातून काम करतो, आणि एक तरुण इंजिनिअर हंगामभर शहाद्याकडे साइटवर असतो. ऑफिसात सगळे एकमेकांना ताई, दादा, भाऊ असंच म्हणतात. इथेही तीच नावं ठेवतो. जळगावच्या ताई कोड सांभाळतात, धुळ्याचे दादा छपाई आणि अहवालांचं बघतात, शहाद्याचा भाऊ बिल्ड करून, म्हणजे कोडपासून चालू शकणारा प्रोग्राम तयार करून, काट्यावरच्या संगणकात टाकतो. कोडमधल्या बदलांची नोंद ते गिट या साधनात ठेवतात. गिटच्या कमांड मी इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, टर्मिनलवर त्या नेहमीच्या रोमन स्पेलिंगनेच टाइप करायच्या.

आधी चूक कसली होती ते सांगतो. हमीभावाच्या खरेदीत भारतीय कापूस महामंडळ 8 टक्के ओलावा हा आधार धरतं. 8 च्या वर प्रत्येक टक्क्याला भावातून 1 टक्का कपात, आणि 12 च्या वर कापूस घेतच नाहीत. या जिनिंगनेही कपातीचा तोच नियम ठेवला होता. जुनं ओलावा मीटर पूर्ण आकडे दाखवायचं, त्यामुळे सगळं सुरळीत होतं. हंगामाच्या सुरुवातीला नवं मीटर आलं, ते दशांशात आकडा द्यायला लागलं, आणि कोडमधल्या एका ओळीने तो दशांश वरच्या पूर्ण आकड्याला नेऊन ठेवला. 9.4 टक्के ओलावा आला की सॉफ्टवेअर तो 10 समजायचं. कपात 1.4 टक्के व्हायला हवी तिथे 2 टक्के. भाव क्विंटलला 7,000 रुपये धरला तर 98 रुपयांऐवजी 140 रुपये कापले जायचे. क्विंटलमागे 42 रुपये, आणि ट्रॉलीत 20 क्विंटल असेल तर 840 रुपये. शेतमजुराची दोन-तीन दिवसांची मजुरी या एका ओळीत जात होती.

जिनिंगच्या दिवाणजींच्या हे लक्षात आलं आणि त्यांनी सोमवारी जळगावला फोन केला. ताईंनी त्याच संध्याकाळी दुरुस्ती लिहिली. मेन ब्रँचवर, म्हणजे कोडच्या मुख्य फांदीवर, त्या वेळी अहवालांचं अर्धवट काम पडलेलं होतं, म्हणून त्यांनी ती दुरुस्ती मेनवर न ठेवता ‘सीझन/शहादा’ अशी नवी ब्रँच काढून तिथे ठेवली आणि पुश केली, म्हणजे टीमच्या सर्व्हरवर पाठवली. निर्णय योग्यच होता. अर्धवट काम काट्यावर जाऊ नये, यासाठीच तर ब्रँच असतात. मग भाऊला निरोप गेला: फिक्स पुश केलाय, फेच करून बिल्ड टाक.

मंगळवारी सकाळी भाऊने गिट फेच दिलं, म्हणजे सर्व्हरवरचं नवं लॅपटॉपवर मागवलं. टर्मिनलवर काहीच उमटलं नाही. मग गिट पुल (आणलेलं आपल्या ब्रँचमध्ये मिसळणारी कमांड) दिलं, उत्तर आलं ‘ऑलरेडी अप टू डेट’. त्याने बिल्ड केला, काट्यावरच्या संगणकात टाकला, चाचणीसाठी ओलावा 10 घालून पाहिला. कपात 2 टक्के आली, जी बरोबरच होती. पूर्ण आकड्याच्या चाचणीत ही चूक दिसणारच नव्हती. दिवाणजींना सांगितलं, झालं काम. पुढचे तीन दिवस सगळे निश्चिंत होते.

शुक्रवारी रांगेतल्या एका वयस्कर शेतकऱ्याने पट्टी हातात घेतली, तिथेच उभं राहून तोंडी हिशेब केला आणि दिवाणजींना विचारलं, ओलावा नऊ पूर्णांक चार, मग कपात दोन टक्के कशी? त्या बापूंनी तो प्रश्न विचारला नसता, तर हे प्रकरण आणखी किती दिवस चाललं असतं कोण जाणे.

दोघंही खरं बोलत होते

शुक्रवारी दुपारचा जळगाव–शहादा फोन मी नंतर दोघांकडून वेगवेगळा ऐकला, आणि दोन्ही हकिकती तंतोतंत जुळल्या. ताई म्हणत होत्या, ब्रँच सोमवारीच सर्व्हरवर गेली आहे, मला वेबवर दिसते आहे. भाऊ म्हणत होता, “ताई, फेच करं, काहीच उनं नही.” ताईंनी ब्रँचचं नाव सांगितलं, ‘सीझन/शहादा’ वर जा म्हणाल्या. त्याने चेकआउट (त्या ब्रँचवर जाण्याची कमांड) दिलं तर गिटने सांगितलं की या नावाचं मला काही माहीतच नाही. मग तो म्हणाला, ब्रँचच नाही आहे ताई, तुमचं पुश झालं नसेल.

अशा ठिकाणी टीम बिघडते. एकाला वाटतं समोरचा निष्काळजी आहे, दुसऱ्याला वाटतं आपल्यावर उगीच ढकलतायत. कोणीही खोटं बोलत नव्हतं. ब्रँच सर्व्हरवर होती आणि भाऊच्या लॅपटॉपला ती दिसत नव्हती, ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी होती.

भाऊने आपल्या परीने प्रयत्नही केले. त्याने गिट फेच --ऑल दिलं. नाव वाचून कोणालाही वाटेल की याने सगळ्या ब्रँच येतील. पण या ‘ऑल’चा अर्थ सगळे रिमोट, म्हणजे लॅपटॉपवर नोंदवलेले सगळे सर्व्हर, असा आहे. लॅपटॉपवर ओरिजिन हा एकच रिमोट असेल तर साध्या फेचमध्ये आणि --ऑलमध्ये काहीच फरक पडत नाही. मग त्याने --ड्राय-रन लावून पाहिलं, की आता तरी काय येणार आहे ते कळेल. तेही गप्प. ड्राय-रन हे फेचचंच सोंग असतं, फेच जे मागणार नाही ते ड्राय-रनही दाखवणार नाही.

त्याच वेळी धुळ्याच्या दादांनी आपल्या लॅपटॉपवर फेच दिलं, तर तिथे वेगळंच. लाल अक्षरात एरर: ‘ओरिजिन/सीझन/शहादा’ हा रेफ (ब्रँचची नोंद) लॉक करता येत नाही, कारण ‘ओरिजिन/सीझन’ आधीच आहे. याचं कारण सरळ आहे. मागच्या वर्षी ‘सीझन’ नावाची एक ब्रँच होती. ती सर्व्हरवरून काढून टाकली होती, पण दादांच्या लॅपटॉपवर तिची जुनी नोंद तशीच राहिली होती. गिट एरवी या नोंदी फाइल म्हणून ठेवतं. ‘सीझन’ नावाची फाइल असताना ‘सीझन’ नावाचा फोल्डर करून त्यात ‘शहादा’ ठेवता येत नाही. साधं फेच नवं आणतं, सर्व्हरवरून गेलेल्याची नोंद पुसत नाही. ती पुसायला सांगावं लागतं:

गिट फेच --प्रून ओरिजिन

दादांनी ते दिलं, पडद्यावर ‘सीझन’पुढे वजाबाकीचं चिन्ह आलं, नवी ब्रँच खाली उतरली, पाच मिनिटांत काम झालं. जुन्या गिटमध्ये आधी आणलं जायचं आणि मग छाटलं जायचं, त्यामुळे या भांडणात --प्रूनचा उपयोग व्हायचा नाही, गिटच्या 1.9 आवृत्तीपासून छाटणी आधी होते.

एकच सर्व्हर, एकच कमांड. धुळ्याला एरर आली आणि प्रश्न लगेच सुटला. शहाद्याला एरर आली नाही आणि तीन दिवस गेले. या प्रकरणातून मी जे शिकवतो ते एवढंच आहे: फेचच्या गप्प राहण्याचा अर्थ ‘मी जे मागितलं त्यात नवं काही नाही’ इतकाच. ‘सर्व्हरवर नवं काही नाही’ असा त्याचा अर्थ कधीच नसतो. आणि मागितलं काय, हे कमांड देणाऱ्याला बहुतेक वेळा माहीत नसतं, कारण ते फार पूर्वी, क्लोन करताना, म्हणजे कोड सर्व्हरवरून पहिल्यांदा उतरवताना, ठरून गेलेलं असतं.

क्लोनच्या दिवशी काय ठरलं होतं

भाऊने लॅपटॉप मला दाखवायला आणला तेव्हा मी आधी लॅपटॉपला काहीच न विचारता थेट सर्व्हरला विचारायला लावलं:

गिट एलएस-रिमोट --हेड्स ओरिजिन

ही कमांड लॅपटॉपवरच्या नोंदींकडे बघत नाही. सर्व्हरवर आत्ता कोणत्या ब्रँच आहेत आणि प्रत्येकीचं टोक कोणत्या कमिटवर (नोंदवलेल्या बदलावर) आहे, एवढंच ती छापते. काही उतरवून घेत नाही, काही बदलत नाही, डेटा नगण्य लागतो. भाऊच्याच लॅपटॉपवर यादी आली आणि त्यात ‘सीझन/शहादा’ स्वच्छ दिसत होती. फोनवरचा अर्धा वाद इथेच मिटला. माझं मत असं की “तुझ्याकडे आलं का, माझ्याकडे गेलं का” असा फोन सुरू झाला, की पहिल्या मिनिटाला दोघांनी ही कमांड द्यावी.

मग दुसरा प्रश्न, लॅपटॉप मागतो काय:

गिट कॉन्फिग --गेट-ऑल रिमोट.ओरिजिन.फेच

नेहमीच्या क्लोनमध्ये इथे एक ओळ असते:

+रेफ्स/हेड्स/*:रेफ्स/रिमोट्स/ओरिजिन/*

म्हणजे सर्व्हरवरच्या सगळ्या ब्रँच आण आणि माझ्याकडे ओरिजिनच्या नावाखाली लाव. पुढचं अधिकचं चिन्ह म्हणजे सर्व्हरवर इतिहास मागे-पुढे झाला असला तरी माझी नोंद बदलून घे. भाऊच्या लॅपटॉपवर ओळ होती:

+रेफ्स/हेड्स/मेन:रेफ्स/रिमोट्स/ओरिजिन/मेन

चांदणीच्या (*) जागी ‘मेन’. बाजाराच्या यादीत एकच जिन्नस लिहून दिला तर आणणारा तेवढाच आणेल, दुकानात दुसरं काय आलंय ते तो बघायलाही जाणार नाही. गिटने नेमकं तेच केलं होतं.

ही ओळ अशी झाली कशी? हंगामाच्या आधी भाऊने साइटवरच, मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून क्लोन केलं होतं. रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) वर्षानुवर्षं प्रिंटरचे ड्रायव्हर आणि पीडीएफ साठलेले, दिवसाचा डेटा ठरलेला, म्हणून त्याने --डेप्थ=1 लावलं, म्हणजे इतिहासातलं फक्त शेवटचं कमिट मागितलं. तो सल्ला सगळीकडे मिळतो आणि डेटा वाचवायला तो खरोखर उपयोगीही आहे. पण त्याची दुसरी बाजू फार कमी जण सांगतात. क्लोन करताना --डेप्थ दिलं की गिट त्याबरोबर --सिंगल-ब्रँच गृहीत धरतं. म्हणजे इतिहास तर छाटला जातोच, शिवाय यादीतही एकच ब्रँच लिहिली जाते, आणि ती यादी त्या दिवसापुरती नसते, पुढच्या प्रत्येक फेचला तीच लागू होते. इतिहास आखूड हवा पण ब्रँच सगळ्या हव्यात, तर क्लोन करतानाच सांगायचं:

गिट क्लोन --डेप्थ=1 --नो-सिंगल-ब्रँच

हे वळण नवं नाही. गिटच्या आधीच्या सीव्हीएस या साधनाच्या काळात सीव्हीएस अपडेटला -डी लावलं नाही तर सर्व्हरवर नव्याने झालेले फोल्डर यायचेच नाहीत, आणि तेही निमूटपणे. आणणाऱ्या कमांडला मर्यादा असतात आणि त्या मर्यादा ती स्वतःहून बोलून दाखवत नाही, ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या तशीच चालत आली आहे.

भाऊने मला विचारलं, --अनशॅलो दिलं असतं तर? प्रश्न चांगला आहे, कारण अनेकांचा पहिला हात तिकडेच जातो. त्याने मेनचा सगळा जुना इतिहास खाली आला असता, दिवसाचा डेटा संपला असता, आणि ‘सीझन/शहादा’ तरीही आली नसती. --अनशॅलो खोली वाढवतं, यादी रुंद करत नाही. --डीपनचंही तेच. खोली आणि रुंदी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि क्लोनच्या वेळी एकाच फ्लॅगने (कमांडला लावलेल्या पर्यायाने) दोन्ही कापल्या गेल्यामुळे त्या एकच वाटतात.

आलं, तरी दिसेना

शुक्रवारी संध्याकाळी, मी यात येण्याआधी, दादांनी फोनवर एक उपाय सांगितला होता. ब्रँच नाव घेऊनच माग:

गिट फेच ओरिजिन सीझन/शहादा

या एका ओळीत दोन खाचखळगे लपलेले होते, आणि भाऊ दोन्हींत गेला.

पहिला डेटाचा. आखूड क्लोनमध्ये लॅपटॉपकडे मेनचं फक्त शेवटचं कमिट असतं. ‘सीझन/शहादा’ ही ब्रँच त्या कमिटच्या मागून फुटलेली होती. ती कुठून फुटली ते कमिट लॅपटॉपकडे नाहीच, त्यामुळे सर्व्हरला कळत नाही की याच्याकडे कुठपर्यंतचं आहे. तो ब्रँचच्या टोकापासून पार पहिल्या कमिटपर्यंत सगळं पाठवायला घेतो. चार ओळींच्या दुरुस्तीसाठी ड्रायव्हर, पीडीएफ, सगळं. जिनिंगवर रेंज येत-जात होती. अर्ध्यावर जोडणी तुटली. तुटलेलं फेच गिटला जिथून तुटलं तिथून पुढे नेता येत नाही, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. अशा वेळी

गिट फेच --डेप्थ=1 ओरिजिन सीझन/शहादा

असं म्हटलं की फक्त टोकाचं कमिट आणि त्याच्या फाइली येतात. किंवा --शॅलो-सिन्स लावून तारीख द्यायची, त्या तारखेनंतरचंच येतं.

दुसरा खळगा जास्त गोंधळात टाकणारा. भाऊ रात्री शहादा गावात आला, ओळखीच्या दुकानाच्या वायफायवरून तीच कमांड पुन्हा दिली, आणि या वेळी ती पुरी झाली. पडद्यावर ब्रँचचं नावही आलं. त्याने चेकआउट दिलं. गिट पुन्हा म्हणालं, असं काही मला माहीत नाही! त्याची त्या क्षणी काय अवस्था झाली असेल, याची कल्पना मी करू शकतो. डोळ्यांसमोर उतरवून घेतलेली ब्रँच लॅपटॉप नाकारत होता.

कारण पुन्हा तीच यादी. नाव घेऊन मागितलं की गिट ते आणतं आणि ‘फेच_हेड’ नावाच्या तात्पुरत्या फाइलमध्ये त्याची नोंद करतं. ती ब्रँच यादीत बसत असेल तरच गिट 1.8.4 पासून ओरिजिनखालची नोंदही सोबत बदलते. यादीत फक्त मेन असल्याने ‘ओरिजिन/सीझन/शहादा’ अशी नोंद तयारच झाली नाही, आणि चेकआउट त्या नोंदीच्या आधारेच ब्रँच काढतं. त्या रात्री त्याने गिट चेकआउट -बी सीझन/शहादा फेच_हेड दिलं असतं तरी काम निघालं असतं. पण पुढच्या फेचला ती तात्पुरती नोंद पुसली जाते, आणि मूळ यादी सुधारल्याशिवाय हाच प्रकार पुन्हा घडणार.

शनिवारी सकाळी यादी सुधारली:

गिट रिमोट सेट-ब्रँचेस --ॲड ओरिजिन सीझन/शहादा

आणि नंतर साधं गिट फेच. माल रात्रीच लॅपटॉपवर येऊन पडला होता, त्यामुळे फेच क्षणात झालं. नवी ब्रँच तारांकित होऊन पडद्यावर आली, आणि पाठोपाठ टॅगही, म्हणजे ठरावीक कमिटांना दिलेली आवृत्तीची नावं, उतरले. फेच ज्या इतिहासाची नोंद ठेवतं, त्यातल्या कमिटांवरचे टॅग ते आपणहून सोबत आणतं. --ॲड न लावता नावाच्या जागी चांदणी दिली की यादी पुन्हा सगळ्या ब्रँचची होते. मी ती त्या दिवशी द्यायला लावली नाही, कारण मग बाकीच्या सगळ्या ब्रँचही त्याच हॉटस्पॉटवरून याव्या लागल्या असत्या.

टॅग उतरल्यामुळे एक जुनं कोडंही सुटलं. पट्टीच्या तळाशी सॉफ्टवेअरच्या आवृत्तीचा रकाना असतो. बिल्ड स्क्रिप्ट तो गिट डिस्क्राइबवरून, म्हणजे जवळच्या टॅगवरून आवृत्तीचं नाव सांगणाऱ्या कमांडवरून, भरते. भाऊच्या लॅपटॉपवर एकही टॅग नव्हता, डिस्क्राइब अडायचं, आणि स्क्रिप्ट रकाना कोरा सोडून पुढे जायची. शहाद्याच्या पट्ट्यांवर आवृत्ती छापली जात नाही, हे हंगामाच्या पहिल्या दिवसापासून सगळ्यांना दिसत होतं. छपाईतली किरकोळ उणीव म्हणून ते बाजूला ठेवलं गेलं. मला ही गोष्ट सगळ्यात जास्त खटकली. तो कोरा रकाना म्हणजे या लॅपटॉपवर इतिहास अपुरा आहे, याची पहिली खूण होती.

धुळ्यातला टॅग

शनिवारी आणखी एक प्रकार घडला, त्याने नुकसान झालं नाही पण होऊ शकलं असतं. ताईंनी दुरुस्तीवर ‘शहादा-1’ असा टॅग लावला होता. मग पट्टीच्या मथळ्यात एक किरकोळ बदल करून त्यांनी तोच टॅग नव्या कमिटवर हलवला आणि जोर लावून पुश केला. दादांकडे जुना ‘शहादा-1’ आधीच उतरला होता. त्यांनी फेच दिलं, टॅगबद्दल काहीच दिसलं नाही. जो टॅग आपल्याकडे आधीच आहे त्याच्याकडे साधं फेच पुन्हा वळून बघत नाही. --टॅग्स लावल्यावर मात्र नकार आला, की यामुळे आहे तो टॅग पुसला जाईल.

2.20 च्या आधीची गिट असती तर --टॅग्सने तो टॅग न विचारता बदलून टाकला असता. डिसेंबर 2018 मध्ये आलेल्या त्या आवृत्तीपासून --फोर्स दिल्याशिवाय टॅग बदलत नाही. हा बदल मला मनापासून पटतो. पट्टीवर ‘शहादा-1’ छापलेलं असेल तर त्याचा अर्थ जळगावात एक आणि धुळ्यात दुसरा असा असता कामा नये. ताईंना मी एवढंच सुचवलं की एकदा बाहेर गेलेला टॅग हलवू नका, ‘शहादा-2’ काढा. गिटच्या मदतपानातही टॅगबद्दल हाच सल्ला दिलेला आहे. त्यांनी त्याच दिवशी ‘शहादा-2’ काढला.

आता काय ठेवलं आहे

टीमशी बोलून जे ठरलं त्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग फेचच्या फ्लॅगमध्ये नाही, बिल्ड स्क्रिप्टमध्ये आहे. बिल्ड सुरू होताना स्क्रिप्ट एलएस-रिमोटने सर्व्हरवरच्या त्या ब्रँचचं टोक विचारते आणि लॅपटॉपवर ज्या कमिटवरून बिल्ड होतोय त्याच्याशी ताडून बघते. जुळलं नाही तर बिल्ड थांबतो. डिस्क्राइब अडलं तरी थांबतो, रकाना कोरा सोडून पुढे जात नाही. निरोपात आता ब्रँचचं नाव आणि कमिटच्या ओळखक्रमांकाची पहिली सात अक्षरं असतातच.

सगळ्यांच्या लॅपटॉपवर फेच.प्रून ट्रू केलं, म्हणजे प्रत्येक फेचला छाटणी आपोआप होते. दादा सोबत --प्रून-टॅग्सही कायमचं लावायला निघाले होते, त्याला मी विरोध केला. सर्व्हरवर नसलेला प्रत्येक टॅग त्याने पुसला जातो, आपण स्वतःपुरते लावलेले, अजून पुश न केलेले टॅगसुद्धा. साइटवरच्या लॅपटॉपवर पुल.एफएफ ओन्ली ठेवलं. तिथे कोणी काट्यावर घाईत एखादी ओळ बदलून कमिट केली असेल, तर पुल आपणहून दोन इतिहास जोडत बसणार नाही, थांबेल. 2021 च्या 2.33 पासून दोन्हीकडे वेगवेगळं काम झालं असेल तर गिट स्वतःच थांबतं आणि कसं जोडायचं ते विचारतं, पण साइटवर ते विचारण्यावर सोडू नये असं मला वाटतं.

--फिल्टर=ब्लॉब:नन हा पर्यायही चर्चेत आला. यात सगळ्या कमिटांचा इतिहास येतो, फाइलींचा मजकूर मात्र लागेल तेव्हा आणला जातो. जळगावच्या ऑफिसात, जिथे नेट कायम असतं, तिथे तो मला --डेप्थपेक्षा कितीतरी चांगला वाटतो. ब्रँच, टॅग, डिस्क्राइब सगळं नीट चालतं. पण जिनिंगवर रेंज नसताना जुन्या कमिटवर जायची वेळ आली तर मजकूर आणायला नेटच नसेल.

म्हणून साइटसाठी बंडल. ताई जळगावात शेवटच्या टॅगपासून ब्रँचच्या टोकापर्यंतचा फरक एका फाइलमध्ये बांधतात:

गिट बंडल क्रिएट शहादा.बंडल शहादा-2..सीझन/शहादा

ती फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून किंवा पेनड्राइव्हने जाते. भाऊ आधी गिट बंडल व्हेरिफाय देतो. आधीची कमिटं लॅपटॉपवर नसतील तर ते स्पष्ट सांगतं की पाया नाही. आणि मग सर्व्हरच्या जागी फाइलचं नाव देऊन फेच:

गिट फेच शहादा.बंडल सीझन/शहादा:रेफ्स/रिमोट्स/ओरिजिन/सीझन/शहादा

कुठून आणायचं आणि कोणत्या नावाने लावायचं, दोन्ही इथे उघड लिहिलेलं आहे, म्हणून ‘आलं पण दिसेना’ होत नाही. नेट नसताना एलएस-रिमोटची ताडणी करता येत नाही, तेव्हा स्क्रिप्ट निरोपातली सात अक्षरं हाताने टाइप करायला लावते. फेच देताना -व्ही लावायची सवयही भाऊने करून घेतली आहे. त्याने नवं काही नसलं तरी मागितलेल्या प्रत्येक ब्रँचची ओळ बरोबरीच्या चिन्हासह छापली जाते. त्या मंगळवारी ती लावली असती तर सर्व्हरवर सहा ब्रँच असताना एकच ओळ दिसली असती.

पट्ट्यांचा हिशेब दिवाणजींनी घेतला. नवं मीटर बसल्यापासूनच्या ज्या पट्टीवर आवृत्तीचा रकाना कोरा आणि ओलाव्यात दशांश आहे, ती प्रत्येक पट्टी त्यांनी बाजूला काढली. आवृत्ती छापलेल्या पट्ट्या शनिवारनंतरच्या, त्या बघायची गरज नव्हती. दादांनी कपात पुन्हा मोजणारी छोटी यादी काढून दिली: पट्टी क्रमांक, गाव, क्विंटल, कापलेली रक्कम, कापायला हवी होती ती रक्कम, फरक. ज्यांचा चुकारा बाकी होता त्यांच्या चुकाऱ्यात फरक मिळवला, ज्यांना पैसे देऊन झाले होते त्यांच्या खात्यात वेगळा जमा केला, आणि हिशेब विचारणाऱ्या त्या बापूंना दिवाणजींनी स्वतः फोन केला.